आधी अर्थिंग, मग रंग

सुगी आटोपली की गावात घरांची कामं निघतात. कुणाचे पत्रे बदलायचे असतात, कुणाला मोरीत फरशी हवी असते. आम्ही दोघी जावांनीही अशीच यादी केली होती. ओट्याला कडप्पा, माजघराला रंग, परसात केळीची रांग. वायरिंग त्या यादीत नव्हतं. दिवे लागतायत, पंखा फिरतोय, मग त्यात काय बघायचं?

ते यादीत आलं सासूबाईंमुळं. पावसाळ्यात कपडे वाळत घालताना त्यांच्या हाताला झिणझिण्या यायच्या. ओल्या हातानं होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग एक दिवस म्हैस गोठ्यात पाय ठेवेना. ओल्या जमिनीवर चार पाय टेकलेले, त्यामुळं जनावराला करंट आपल्याआधी कळतो. वायरमनला बोलावलं तेव्हा समजलं. गोठ्यातल्या दिव्याची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती आणि कपड्यांची तार त्याच पत्र्याच्या अँगलला बांधलेली. पायात चप्पल होती म्हणून निभावलं.

बोर्ड उघडला तर आणखी एक गोष्ट दिसली. प्लगला भोकं तीन, पण मागं तारा दोनच. वरच्या मोठ्या भोकाला काही जोडलेलंच नव्हतं. जुन्या बऱ्याच घरांत असंच असतं.

आता ही तिसरी तार कशासाठी, ते सांगतो. आपल्याकडं वीज 230 व्होल्टची येते. एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. तिसरी, हिरवी तार मिक्सर, फ्रिज, मोटर यांच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेलं असतं. आत कुठं वायर सोलून वीज त्या अंगावर उतरली, तर ती या तारेनं जमिनीत जाते. तार नसेल तर वीज वाट बघत बसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई फ्रिजला हात लावते, आणि ती वाट तिच्या अंगातून होते.

मग फ्यूज उडत नाही का? नेहमी नाही. फ्यूज काय किंवा नवीन एमसीबी काय, ती वायर जळू नये म्हणून असते. माणूस मरायला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त करंट गेल्याशिवाय ती पडत नाही. त्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपल्याकडची सवय. तेवढाही आधार मग राहत नाही.

माणसासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत मोजते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात घराची वीज तोडते. 15 वॅटच्या जुन्या बल्बाला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी करंट हा. घेताना 30 मिलिअँपिअरचीच मागा, आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर ती बिघडली समजा. एक मात्र आहे. एक हात एका तारेला आणि दुसरा दुसरीला लागला तर तिला काही कळत नाही. त्यामुळं अर्थिंग आणि ही, दोन्ही हवीत.

अर्थिंगचा खड्डा आम्ही परसात काढला, भिंतीपासून दीड मीटर सोडून. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलं. सुकी माती वीज नीट घेत नाही, म्हणून जागा मोरीच्या पाण्याच्या वाटेजवळ धरली आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओततो. मीठ झिरपतं, म्हणून केळी लांब सरकवल्या. एका वायरमननं आधी स्वस्तातला उपाय सांगितला होता, हिरवी तार नळाच्या पाइपाला बांधू. तसं अजिबात करू देऊ नका. पुढं कुठंतरी प्लास्टिकचा पाइप असतो, आणि करंट नळालाच थांबतो.

कामाचा क्रम आम्ही चुकता चुकता राहिलो. आधी छप्पर, मग वायरिंग, मग गिलावा, सगळ्यात शेवटी रंग. मातीच्या भिंतीला खाचा मारल्या तर ती ढासळते, म्हणून वायर पट्टीतून वरूनच नेली. दिसायला बरी नाही, पण उंदरानं कुरतडली तर कळेल तरी. गिझरला किंवा पाणी तापवायच्या कांडीला वेगळी 4 एमएमची वायर आणि मोठा 16 अँपिअरचा प्लग, दोन्ही न्हाणीच्या बाहेर. कांडी बादलीत असताना पाणी गरम झालं का ते बोटानं बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट.

आणि वायरमन आला की आपण चुलीपाशी जाऊन बसायचं नाही. मिक्सर कुठं ठेवतो, पाणी कुठं सांडतं, मोटर कोण चालू करतं, हे घरातल्या पुरुषांना विचारून कळणार नाही. वायरमन परवानाधारक घ्या, वायरवर आयएसआयची खूण बघा, आणि जाण्याआधी प्रत्येक प्लगचं अर्थिंग त्याला टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा. आम्हाला चौथ्या प्लगात तार सैल सापडली.

कपड्यांना आता नायलॉनची दोरी आहे, दोन लाकडी खांबांवर. राहिला आहे शेवगा. फांद्या ठिसूळ, आणि खांबावरून येणारी तार बरोबर त्यांच्यातून जाते. शेंगांसाठी लोखंडी आकडी घेऊन तिथं कुणी जायचं नाही असं ठरलंय. फांद्या तोडायच्या आधी लाइन बंद करावी म्हणून वीज कार्यालयात अर्ज दिलाय. तोवर यंदाच्या शेंगा वाळतायत झाडावरच.