नागराज, ध्रुव आणि इचोड्याला उशिरा आलेला दुसरा भाग

आमच्या घरातली मुलं ‘अव्हेंजर्स’ बघून आली की जेवणाच्या ताटावर एकच वाद चालतो : सगळ्यांत ताकदवान कोण? ऐकताना मला हसू येतं, कारण इचोड्याला आमच्या ओसरीवरही हाच वाद चालायचा. फक्त आमचे हीरो वेगळे होते. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव.

दोघंही राज कॉमिक्सचे. नागराज 1986 साली आला आणि पुढच्या वर्षी ध्रुव. कॉमिक्स हिंदीत असायची, पण सुरुवातीचा नागराज चितारला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. ‘अमर चित्रकथे’तली कितीतरी पुस्तकंही त्यांच्याच हातची. म्हणजे आमचा तो हिरव्या अंगाचा हीरो निम्मा मराठीच निघाला, हे मला फार उशिरा कळलं.

नागराजाच्या रक्तात साप राहतात आणि तो ते मनगटातून सोडतो. आमच्या भागातल्या पोरांना याचं फारसं नवल नव्हतं. इंद्रवेल्लीकडचं केस्लापूर आमच्यापासून जवळच. पौष अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा भरते आणि मेस्राम घराण्यातले गोंड लोक त्या पूजेसाठी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. त्या जत्रेतून आलेल्या पोराला नागराज ओळखीचाच वाटणार. आजीला मात्र नागाच्या नावाने चाललेली ती मारामारी अजिबात पसंत नव्हती. कॉमिक दिसलं की ती देवाकडे बघून हात जोडायची.

ध्रुवाचं सगळं उलटं. त्याच्याकडे जन्मजात अशी कुठली जादूची शक्ती नाही. ज्युपिटर सर्कशीत वाढलेला पोरगा, तिथल्या आगीत आईवडील गेलेले. कसरती येतात, प्राण्यांशी बोलता येतं, मोटरसायकल येते आणि शाळेतलं विज्ञान नेमक्या वेळी आठवतं. तो साखळ्या तोडत नाही, कडी कुठे कच्ची आहे ते बघतो. आपल्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा दूरचा भाऊ म्हणा हवं तर. फुरसुंगीच्या बन्याकडेही धाडस, सायकल आणि चौकस डोळे यांखेरीज काय होतं?

आणि हे दोघं एकाच अंकात आले की खरी मजा. ‘राजनगर की तबाही’ किंवा सगळी फौज एकत्र आणणारं ‘कोहराम’ कुणाच्या हाती लागलं, तर त्या दिवशी गृहपाठ होत नसे. अशा जोडकथेचा साचा ठरलेला असतो. आधी गैरसमज, मग दोघांची जुंपते, मग कळतं की दोघांना भिडवणारा तिसराच आहे. मारामारी तर एका हीरोच्या कथेतही असते. दोघं लागतात ते रहस्यासाठी, कारण अर्धा धागा एकाच्या हाती असतो आणि अर्धा दुसऱ्याच्या. म्हणूनच नागराजासारख्या बलवानालाही ध्रुव लागतो. नुसत्या हीरोंची गर्दी केलेले अंक मला तेव्हाही कंटाळवाणे वाटायचे, आजही वाटतात.

ही युक्ती काही आपल्याकडेच निघालेली नाही. अमेरिकेत 1952 सालच्या ‘सुपरमॅन’च्या 76व्या अंकात क्लार्क केंट आणि ब्रूस वेन यांना जहाजावर एकाच खोलीत राहावं लागतं. दोघंही गुपचूप पोशाख बदलायला जातात आणि एकमेकांचं गुपित फुटतं. आमच्या वडिलांच्या पिढीचा हीरो वेताळ. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो घरोघरी पोचला, मराठीतही. त्याचा आणि जादूगार मॅंड्रेकचा जन्मदाता एकच, ली फॉक. म्हणून 1977 साली वेताळाचं लग्न लागलं तेव्हा मॅंड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. वडील हे असं सांगायचे, जणू पत्रिका आमच्याही घरी आली होती.

आता माझी एक गोष्ट. अशाच एका जोडकथेचा पहिला भाग मला आदिलाबादच्या बसस्टँडवर मिळाला होता. शेजारचा मित्र तेलुगू शाळेत जायचा, त्याला हिंदी वाचता येत नसे. मी वाचून दाखवायचो, तो चित्रं बघायचा. मी हिंदीत वाचायचो, तो तेलुगूत विचारायचा आणि भांडण मराठीत व्हायचं. शेवटच्या पानावर कथा अर्धवट सुटली आणि खलनायक कोण ते पुढच्या अंकावर गेलं. मित्राने मागची पानं चाळली, गर्दीतल्या एका टोपीवाल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘हाच. बघ, दोन्ही ठिकाणी हाच उभा आहे.’ मी अख्खा मजकूर वाचला होता. मला तो दिसलाच नव्हता.

दुसरा भाग इचोड्याला आलाच नाही. सहा महिन्यांनी किनवटच्या मामांनी आणला. मी तो माळ्यावर बसून एकट्याने वाचला. टोपीवालाच होता. संध्याकाळी मित्राने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की मामांकडे एका दिवसापुरताच होता, परत नेला, आणि टोपीवाला नव्हता, दुसराच कुणीतरी निघाला. त्याने मान हलवली. पुढे तो कॉमिक्स ऐकायला फारसा आला नाही.

मागच्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो. ती जुनी कॉमिक्स आता नव्याने छापून मिळतात, आणि त्याच्या मुलीच्या हातात तोच दुसरा भाग होता. ती शाळेत हिंदी शिकते. ‘हिने वाचून दाखवलं,’ तो म्हणाला. मी चहाच्या कपात बघत राहिलो, मग सांगून टाकलं की मला तेव्हाच माहीत होतं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग मुलीला म्हणाला, ‘काकांकडे पहिला भाग आहे. मागून घे त्यांच्याकडून.’

अंक माझ्याकडे अजून आहे. कव्हर फाटलंय, आतली पानं शाबूत आहेत. येत्या जत्रेला जाताना तो पिशवीत टाकायचा आहे.