नळाचे ऊन पाणी कोमट का येते?

तांब्याचा बंब ज्यांनी वापरला आहे त्यांना ऊन पाण्याचा हिशेब निराळा शिकवावा लागत नाही. पहाटे मधल्या नळीत जाळ घालावा, भोवतालचे पाणी तापू द्यावे, आणि जेवढे ऊन पाणी काढून घेतले तेवढेच थंड पाणी वरून ओतावे. पाणी कोमट झाले तर कारण डोळ्यांसमोर असते. एक तर जाळ मंदावलेला असतो, नाही तर आधी स्नान करणाऱ्याने सढळ हाताने पाणी घेतलेले असते.

ब्रिटनमधील असंख्य घरांत आज स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली दिसते. तिला कॉम्बी बॉयलर म्हणतात. हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवणे आणि नळाला ऊन पाणी पुरविणे ही दोन्ही कामे ती एकटीच करते. मात्र बंबासारखा तापलेल्या पाण्याचा साठा तिच्या पोटात नसतो. नळ सोडावा, त्याच क्षणी आत गॅसची ज्योत पेटावी आणि वाहते पाणी वाहता वाहताच तापावे, अशी तिची रचना आहे. त्यामुळे पाणी कोमट आले की कारण दिसत नाही. बाहेर कडाक्याची थंडी, घरात तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस, आणि पेटी तर मुकी! अशा वेळी घाबरून एकामागून एक भाग बदलले जातात आणि विनाकारण खर्च होतो. वस्तुतः घड्याळ, बादली आणि उष्णतामापक एवढ्या साधनांनिशी पुष्कळसा उलगडा घरच्या घरी करता येतो.

प्रथम एक साधे त्रैराशिक पाहू. एक लिटर पाण्याचे तापमान एका सेकंदात एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोवॅट शक्ती लागते. यावरून, यंत्राच्या किलोवॅटच्या आकड्यास १४ ने गुणले की मिनिटाला मिळणारे ‘लिटर-अंश’ जवळजवळ बरोबर निघतात. २४ किलोवॅटच्या यंत्रासाठी हा आकडा ३४० च्या आसपास येतो. नळातून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल, तर ते ३४ अंशांनीच तापेल. उन्हाळ्यात नळाचे पाणी १५ अंशांचे असते, तेव्हा ४९ अंशांचे ऊन पाणी मिळते. जानेवारीत तेच पाणी ५ अंशांवर आले की ३९ अंशांवर समाधान मानावे लागते. यंत्र तेच, ज्योत तीच. बिघाड कसलाच नाही. नळ थोडा बारीक करून प्रवाह ८ लिटरांवर आणला, की पाणी ४७ अंशांपर्यंत चढते. एकाच वेळी स्वयंपाकघरात भांडी आणि वर स्नान चालू असेल, तर या ३४० ची वाटणी होणार हे ओघानेच आले.

म्हणून पाणी कोमट असताना बादली किती वेळात भरते ते मोजावे आणि थंड व ऊन पाण्याच्या तापमानांतील फरक काढावा. दर मिनिटाचे लिटर आणि अंशांतील फरक यांचा गुणाकार ३४० च्या जवळ येत असेल, तर यंत्र आपले काम पुरेपूर करीत आहे. तो १५० किंवा २०० भरला, तरच दोष शोधावा. (निरनिराळ्या क्षमतेची यंत्रे असतात, आपला आकडा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावा.)

दोष शोधताना पहिला प्रश्न: सर्वच नळांना कोमट पाणी येते की एकालाच? एकाच ठिकाणी येत असेल, तर थंड व ऊन पाणी एकत्र करणाऱ्या तेथील तोटीचा संशय धरावा. तिच्यातील झडप झिजली की थंड पाणी उलट ऊन पाण्याच्या नळीत शिरते, आणि कधीकधी सगळ्या घराचे पाणी बिघडविते. याची परीक्षा सोपी आहे. यंत्राकडे जाणारे थंड पाणी खालच्या तोटीने बंद करावे आणि मग ऊन पाण्याचा नळ सोडावा. क्षणभराने धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली, तर ते पाणी दुसऱ्या वाटेने येत आहे हे सिद्ध झाले. यंत्र निर्दोष आहे.

पुढचे समजण्यासाठी पेटीच्या अंतरंगाची थोडी ओळख हवी. तिच्यात पाण्याचे दोन प्रवाह असतात आणि ते एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. एक प्रवाह घरातील रेडिएटरांतून फिरून पुन्हा ज्योतीपाशी येतो. दुसरा नळाचा. नळ सोडताच त्याच्या मार्गातील लहानसे चक्र फिरू लागते आणि यंत्राला सूचना मिळते. मग तीन तोंडांची एक झडप तापलेला पहिला प्रवाह रेडिएटरांकडून काढून एका विनिमयकाकडे वळविते. हा विनिमयक म्हणजे एकमेकींवर रचलेल्या पातळ धातूच्या पट्ट्यांची चवड. एका फटीतून तापलेले पाणी, शेजारच्या फटीतून नळाचे. पत्र्याआडून उष्णता इकडून तिकडे जाते. नळाचे पाणी किती तापले हे सांगण्यासाठी एक औष्णिक रोधक बसविलेला असतो. उष्णता वाढली की त्याचा विद्युत्‌रोध घटतो. काही पदार्थांचा हा गुण फॅरेडे याने १८३३ मध्येच टिपून ठेवला होता.

आता लक्षणांचा अर्थ लागतो. नळ अगदी बारीक सोडला असता चक्र फिरत नाही आणि ज्योत पेटत नाही. हा दोष नव्हे. धार भरपूर असूनही ज्योत पेटत नसेल, तर मात्र चक्राकडे पाहावे लागेल. भर उन्हाळ्यात, खोल्या तापविणे बंद असताना, ऊन पाण्याचा नळ सोडल्यावर रेडिएटर गरम होऊ लागले, तर तीन तोंडांची झडप मध्येच अडकलेली असते. आणि पाणी घटकाभर ऊन, घटकाभर गार असे हेलकावे घेऊ लागले, तर बहुधा विनिमयकात क्षार साचले आहेत.

या क्षारांची हकीकत लंडनच्या भूगर्भात सुरू होते. इंग्लंडच्या आग्नेय भागात चुनखडीचे खडूसारखे थर आहेत. त्यांतून झिरपणारे पाणी कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळवून आणते आणि दुष्फेन बनते; त्यात साबणाला फेस येत नाही. असे पाणी तापविले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कार्बोनेट बाहेर पडतो व तापलेल्या पत्र्यावर चिकटतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी तापविणाऱ्या भांड्याच्या तळाशी जे पांढरे पुट बसते, तेच हे. पाणी जितके अधिक तापवावे तितके पुट लवकर चढते. पुट हे उष्णतेचे दुर्वाहक. ज्योतीची उष्णता पलीकडे जाऊ शकत नाही, आतला प्रवाह भलताच तापतो, आणि यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी ज्योत विझविते. निवल्यावर पुन्हा पेटविते. नळाखाली उभ्या असलेल्या माणसाला हेलकावे जाणवतात ते यामुळे. उलट बाजूने, रेडिएटरांतील लोखंडाचा काळा गाळ त्याच फटी बुजवितो. म्हणून पुष्कळ घरांत त्या मार्गावर लोहचुंबकाची गाळणी बसवितात.

खोल्या आणि पाणी दोन्ही गार असतील, तर प्रथम दाबमापक पाहावा. यंत्र थंड असताना काटा १ ते १.५ बार यांच्या दरम्यान असावा. तो फार खाली असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भरणनळीने पाणी भरता येते. परंतु वारंवार भरावे लागत असेल, तर कोठे तरी गळती आहे. कडक थंडीत आणखी एक अडचण उद्भवते. आधुनिक यंत्रे धुरातील वाफेचे पाणी करून तिची सुप्त उष्णताही वापरतात, आणि ते पाणी एका बारीक नळीने बाहेर सोडतात. ही नळी गोठली की यंत्र गुळगुळ आवाज करून बंद पडते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनमधील अनेक कुटुंबांवर हा प्रसंग आला. बाहेरच्या नळीवर सोसवेल इतपत ऊन पाणी, उकळते नव्हे, ओतून बर्फ वितळविता येतो.

घरातल्या माणसाचे काम येथे संपते. पेटीचे झाकण काढू नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम केवळ नोंदणीकृत यंत्रज्ञानेच करावे असा कायदा आहे, आणि त्यामागे कार्बन मोनॉक्साइडची भीती आहे. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. कॉम्बी बॉयलरची ज्योत बंद पेटीत जळते. तिला हवा बाहेरून मिळते व धूरही बाहेरच जातो. झाकण बरोबर बसले नाही तर ही व्यवस्था बिघडू शकते.

आपल्याकडील न्हाणीघरांतला गॅसचा गीझर याच कुळातला. वाहते पाणी तापविण्याची युक्ती तीच. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन याने पहिला ‘गीझर’ केला, तेव्हा त्याला धुराडे नव्हते. आपल्या अनेक न्हाणीघरांतील गीझरांनाही नसते. ज्योत आणि स्नान करणारा माणूस यांना एकाच कोंदट खोलीतील हवा वाटून घ्यावी लागते. स्नान करताना बेशुद्ध पडलेल्या किंवा झटके आलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांतील काहींना प्रारंभी अपस्माराचे रुग्ण समजले गेले होते. असा गीझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवावा आणि नळीने पाणी आत आणावे. तो आतच असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी, आणि मगच स्नानास बसावे.