बिघडलेले चित्र आणि दोषाचा शोध

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवनाची स्थापना केली आणि शास्त्र व हस्तकौशल्य यांची सांगड घालणारे शिक्षण या नगरीत रुजले. त्या परंपरेशी परिचित अशा श्रोत्यांपुढे आज वरवर क्षुल्लक वाटणारा एक विषय मांडावयाचा आहे: जुन्या आर्केड खेळाच्या बोर्डावरील चित्र बिघडले, तर सदोष चिप कशी ओळखावी?

उदाहरणादाखल जपानच्या नामको कंपनीचा १९८० सालचा ‘पॅक-मॅन’ घेऊ. त्याच्या पडद्यावर आडवे २८ आणि उभे ३६, असे एकूण १००८ चौकोन असतात. चक्रव्यूह, ठिपके व अक्षरे यांच्या २५६ आकृत्या ४०९६ बाइटच्या एका कायम स्मृतीत साठविलेल्या आहेत; प्रत्येक आकृतीस १६ बाइट. पॅक-मॅन व भुते या हलत्या पात्रांच्या ६४ आकृत्या तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या चिपमध्ये आहेत. याखेरीज पडद्याची एक स्मृती असते. तिच्यात आकृत्या नसून, कोणत्या चौकोनात कोणती आकृती काढावयाची त्याचा केवळ क्रमांक असतो.

एवढे ध्यानी आले की चित्रच दोषाचा पत्ता सांगू लागते. चक्रव्यूह स्वच्छ आणि भुते मात्र विस्कटलेली असतील, तर पात्रांच्या बाजूस पाहावे. दोन्ही बिघडली असतील, तर दोहोंच्या सामाईक मार्गाकडे वळावे. एखादी आकृती योग्य जागी, परंतु सर्वत्र सारखीच फाटलेली दिसली, तर संशय आकृतींच्या स्मृतीवर जातो. उलट, आकृती सुबक पण भलतीच असेल, तर क्रमांक चुकला आहे. ‘ए’ या इंग्रजी अक्षराचा क्रमांक ६५ व ‘सी’चा ६७. प्रत्येक ‘ए’च्या जागी ‘सी’ उमटत असेल, तर दोन या किमतीचा बिट एकवरच अडकला आहे. क्रमांकाचे आठ बिट दोन चिपांत चार-चार विभागलेले असल्यामुळे १, २, ४ वा ८ चा फरक एका चिपकडे बोट दाखवितो, तर १६ पासून १२८ पर्यंतचा दुसरीकडे.

तथापि निदानाचा आरंभ चिपपासून करू नये. प्रथम वीजदाब मोजावा, आणि तोही चिपच्या पायांवर; तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान हवा. मग वीज बंद करून सॉकेटातील चिपा काढाव्या, गंजलेले पाय स्वच्छ करून त्या पुन्हा बसवाव्या. त्यानंतर कायम स्मृतीतील मजकूर वाचक यंत्राने वाचून मूळ नोंदीशी ताडावा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेम’ या संगणकीय प्रणालीत अशा असंख्य खेळांच्या नोंदी जतन झाल्या आहेत. शेवटी लॉजिक प्रोबने संशयित पाय तपासावे.

पुरावा मिळाल्यावरच सोल्डरिंगची कानस नव्हे, सोल्डरिंगची इस्त्री हाती घ्यावी. मृत चिपचे पाय आधी कापून ते एकेक करून काढले, तर बोर्डावरील तांब्याच्या नाजूक रेषा वाचतात. चाळीस वर्षांहून जुन्या या बोर्डांत उखडलेली रेषा हा नवाच दोष ठरतो. तो आपल्या उतावळेपणाने जन्मास घातलेला असतो. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने आधी पाहावे, मग मोजावे आणि कारण सिद्ध झाल्यावरच हात लावावा. कलाभवनाच्या नगरीत ही शिस्त विद्यार्थ्यांच्या हाती सोपविणे, हेच या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक होय.