तीन भोकं, बारा क्लिक

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो. त्याआधी जो तो नव्या स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) रायफल घेऊन चांदमारीच्या मैदानावर हजर. मैदानावर एक गोळी बाजूला गेली की हात लगेच स्कोपच्या फिरकीकडे जातो. माझ्या मते नव्या स्कोपचा नेम बसत नाही, तो बहुतेकदा या उतावीळ हातामुळे.

सुरुवात सोपी असते. बोल्ट काढायचा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि मागून नळीत डोळा लावायचा. २५ यार्डांवरचा काळा ठिपका नळीच्या गोलात मधोमध दिसला की रायफल तसूभरही न हलवता स्कोपमधली फुली त्याच ठिपक्यावर आणायची. मग तिथंच गोळी झाडून खात्री करायची आणि १०० यार्डांवर जायचं. खरी परीक्षा इथं. समजा, पहिली गोळी चार इंच उजवीकडे लागली. कोनाच्या पाव मिनिटाच्या फिरकीचा एक क्लिक १०० यार्डांवर नेम सुमारे पाव इंच सरकवतो, म्हणून सोळा क्लिक डावीकडे. पुढची गोळी इंचभर डावीकडे; पुन्हा फिरव. पण साधं काडतूस आणि साधी शिकारी रायफल यांच्या गोळ्या मुळातच दीड-दोन इंचांत पसरतात. एकेका भोकाच्या मागे लागणारा त्या पसाऱ्याचाच पाठलाग करत असतो. फिरकीला हात न लावता तीन गोळ्या झाडाव्यात, तीन भोकांचा मध्य काढावा. तो तीन इंच उजवीकडे असेल तर बारा क्लिक, बस्स. भोकं फारच विखुरली तर आधी स्कोप धरून ठेवणाऱ्या माउंटचे स्क्रू तपासावेत.

दुकानात लेझर लावून नेम जुळवून मिळतो, मग काडतुसं का जाळायची? लेझर नळीची दिशा सांगतो. पण एकाच नळीतून वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या वेगवेगळ्या जागी लागतात. म्हणून हंगामात वापरायचं तेच काडतूस इथंही हवं. दुसरा आक्षेप जास्त मोहात पाडणारा: हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग आठेक इंचांचा, मग इंचादोन इंचांचा एवढा काथ्याकूट कशाला? हिशेब करून पाहावा. १०० यार्डांवरची तीन इंचांची बाजूची चूक २०० यार्डांवर सहा इंच होते, आणि आठ इंचांच्या मध्यापासून कड चारच इंचांवर. गारठलेल्या हाताचा कंप अजून धरलेलाच नाही. अशी गोळी पोटात लागते आणि हरीण तशाच अवस्थेत झाडीत निघून जातं.

तीन गोळ्यांवरून काय कळणार, हा तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. पाच किंवा दहा बऱ्या. पण शिकारी रायफलची बारीक नळी लवकर तापते आणि तापलेल्या नळीची भोकं सरकू शकतात. म्हणून दोन गोळ्यांच्या मध्ये नळी निवू द्यायची, वेळ गेला तरी चालेल. जंगलात तर पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोळी झाडून पाहायची. ती जागच्या जागी बसली तर फिरकीवरचं झाकण घट्ट लावायचं. नाही बसली, तर फिरकीला न शिवता आणखी दोन.