पाठीच्या स्नायूचे मोजमाप : एका आकड्यावर निवड नको

मंड्या परिसरातील ठेंगणी, रुंद पाठीची बन्नूर मेंढी मांसासाठी प्रसिद्ध आहे. अशा कळपात पैदाशीचा नर निवडताना कमरेवर हात दाबून अंदाज घेतला जातो. हाताला भरीवपणा जाणवतो. तो स्नायूचा की चरबीचा, हे मात्र नेमके उमगत नाही. पशुपोषणाच्या अभ्यासातही हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या विषयाची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्था १९९५ पासून बंगळूरु येथे कार्यरत आहे. दिलेल्या आहारातून मांस वाढले की चरबी, हे जनावर न कापता पाहण्याचे एक साधन म्हणजे अल्ट्रासाऊंड.

बाराव्या व तेराव्या बरगडीच्या मध्ये, पाठीच्या कण्यालगतच्या लांब स्नायूवर प्रोब ठेवतात. ध्वनिलहरी चरबी व स्नायू यांच्या सीमेवरून परततात आणि पडद्यावर स्नायूची खोली मिलिमीटरमध्ये मोजता येते. यंत्र आकडा देते. तो विश्वासार्ह ठरतो तो मोजणाऱ्याच्या पद्धतीमुळे.

प्रोब जोराने दाबल्यास चरबी व स्नायू दोन्ही चेपतात. जनावर पाठ वाकवून उभे राहिल्यास स्नायूचा आकार बदलतो. लोकर नीट कातरली नसेल किंवा जेल अपुरे असेल, तर मध्ये हवा राहून चित्र अस्पष्ट येते. प्रोब थोडा तिरका झाला, तरी खोली प्रत्यक्षापेक्षा अधिक भरते.

समजा, एका कोकराची खोली २२ मि.मी. व दुसऱ्याची २४ मि.मी. आली. एकाच कोकराच्या दोन मोजण्यांतही २ मि.मी. फरक पडत असेल, तर या आकड्यांवरून दुसरे कोकरू सरस ठरत नाही. म्हणून प्रत्येक वेळी प्रोब उचलून, पुन्हा ठेवून, नवे चित्र घ्यावे. गोठवलेले तेच चित्र दोनदा वाचल्याने केवळ वाचनाची परीक्षा होते, मोजमापाची नव्हे. पहिला आकडा माहीत नसताना दुसरी नोंद घेणे उत्तम.

एकच व्यक्ती सर्व जनावरांवर सारखाच जादा दाब देत असेल, तर आकडे कमी येतील. तरीही क्रम बहुधा टिकेल. अर्धा कळप एकाने व अर्धा दुसऱ्याने मोजल्यास मात्र क्रमच बिघडतो. ऑस्ट्रेलियातील मेंढी सुधार कार्यक्रमात मध्यरेषेपासून ४५ मि.मी. अंतरावरील बिंदू ठरवून दिला आहे व मोजणाऱ्यांची प्रवीणता तपासून त्यांना मान्यता दिली जाते, ती याचसाठी.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक नोंदीत जागा, मोजणाऱ्याचे नाव, वय व वजन लिहावे. मोठ्या कोकराचा स्नायू मुळातच खोल असतो. सुरुवातीस दहा-बारा जनावरे दोनदा मोजून स्वतःची चूक किती, ते जाणून घ्यावे. त्या चुकीहून मोठा असलेला फरकच निवडीस ग्राह्य धरावा. चुकीच्या निवडीचा नर पुढील अनेक हंगामांच्या कोकरांत उतरतो. त्या तुलनेत दुसऱ्या मोजणीला लागणारी काही मिनिटे फारच स्वस्त आहेत.