ऑडिट संपल्यावरचे दोन दिवस

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या पुरवठादाराकडे ऑडिटला जायचं ठरलं की मी हे दोन वार आधी बघते. काम बुधवार-गुरुवारी बसवायचं, शुक्रवारची रजा टाकायची, शनिवार हाताशी असतोच, आणि रविवारी पुण्याला परत. नवरा आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. तोही रजा जुळवून एसटीने छत्रपती संभाजीनगरला येतो. दोघांच्या नोकऱ्या आणि घरात वय झालेल्या सासूबाई असल्या की आठ-दहा दिवसांची सहल दरवर्षी पुढे ढकलली जाते. कामाच्या दौऱ्याला जोडलेले दोन दिवस मात्र पदरात पडतात. ते सुखाचे जावेत असं वाटत असेल, तर ऑफिसचं आणि घरचं खातं वेगळं ठेवावं. पैशांचं तर ठेवावंच, वेळेचं आणि मनाचंही ठेवावं.

आधी पैशांचं. दौऱ्याची मंजुरी घेतानाच मी मॅनेजरना ईमेल करते: काम गुरुवारी संपेल, शुक्रवारी रजा, परत रविवारी, नवरा सोबत असेल आणि त्याचा खर्च माझा. परतीचं भाडं कोण देणार, हेही त्यातच विचारून घेते. तोंडी होकारावर राहू नये, कारण पुढे अकाउंट्समध्ये बिल अडलं तर दाखवायला लेखी काहीतरी लागतं. हॉटेलात दोघं राहिल्याने वाढणारं भाडं पहिल्या दिवसापासून आपल्या खिशातून द्यावं. गुरुवारी रात्री कंपनीच्या जीएसटी नंबरचं बिल बंद करायचं आणि पुढच्या दिवसांचं बिल स्वतःच्या नावावर सुरू करायचं. आल्याआल्या रिसेप्शनवर सांगून ठेवलं तर बहुधा खोलीही बदलावी लागत नाही. ऑफिसची गाडी गुरुवारपुरतीच. लेण्यांसाठी टॅक्सी आपली आपण ठरवावी.

सोबत आलेलं माणूस दिवसभर खोलीत वाट बघत बसलं तर त्या सहलीत राम उरत नाही. मी सकाळी सेफ्टी शूज घालून बाहेर पडते. ओपनिंग मीटिंग, शॉप फ्लोअर, गेजच्या कॅलिब्रेशनचे दाखले, तक्रारींची फाइल यात संध्याकाळ कधी होते ते कळत नाही. ते दोन दिवस शहर नवऱ्याचं. तो बीबी का मकबरा बघतो, औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ती कबर. गुलमंडीच्या बाजारात हिंडतो, नान-खलिया खातो. पाणचक्कीवर मात्र त्याचा पाय निघत नाही. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जातं फिरवण्याची ती जुनी सोय. रात्री जेवताना तो पेपर नॅपकिनवर पाण्याची वाट काढून दाखवतो, आणि मलाही त्या दिवशी काय सापडलं ते सांगावंसं वाटतं.

गुरुवारी क्लोजिंग मीटिंग झाली की एनसी, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेल्या त्रुटी, नीट लिहून, रिपोर्ट पाठवूनच मी लॅपटॉप मिटते. अर्धा रिपोर्ट डोक्यात घेऊन लेण्यांत फिरलं की पाय तिथं आणि जीव ऑफिसात, असं होतं. दोन दिवसांसाठी ऑटो रिप्लाय लावते आणि तातडीच्या कामासाठी सहकाऱ्याचा नंबर देते. त्या सहकाऱ्याच्या रजेत मीही त्याचं काम बघते, म्हणून मागताना संकोच वाटत नाही.

शुक्रवार अजिंठ्याचा. शहरापासून अंतर सुमारे १०० किलोमीटर, म्हणून पहाटेच निघायचं. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढे लेण्यांच्या बसने जावं लागतं. पहिल्या लेण्यात शिरल्यावर घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की पद्मपाणीचा झुकलेला चेहरा आणि हातातलं कमळ हळूहळू दिसायला लागतं. गर्दी बहुतेक करून चित्रांपाशी असते. आम्ही २४ क्रमांकाच्या लेण्यापाशीही थांबतो. ते अर्धवट राहिलेलं आहे. आधी छताकडून सुरुवात करायची, दगडात लांब चर खोदायचे, मग मधल्या भिंती फोडून टाकायच्या, हा कामाचा क्रम तिथं समजतो. नवरा छिन्नीच्या घावांची दिशा बघत राहतो.

शनिवारी वेरूळ, जेमतेम ३० किलोमीटर. तिथला डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन लेण्यांवर येतं. सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन, मग जैन लेणी, आणि ऊन कललं की १६ क्रमांकाचं कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलं. कळस आधी, पाया शेवटी. एकदा तिथल्या अंगणात उभं राहून नवरा म्हणाला, “आमच्याकडे मार्किंग चुकलं तर पोराला दुसरा तुकडा देता येतो. यांना दुसरा डोंगर कुठून मिळणार होता?” मग काढलेला दगड परत लावता येत नाही म्हणजे काय, आणि आधी किती मापं घ्यावी लागली असतील, हे तो मला समजावत राहिला.

त्याच्या वर्गात मी कधी बसलेली नाही. घरी आमचं बोलणं गॅस, औषधं, सोसायटीची मीटिंग यांवरच संपतं. तो कसा शिकवतो, पोरं त्याच्या अवतीभवती का असतात, हे मला कैलासच्या अंगणात कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात जोडीदाराचं कामातलं मन असं उघडं दिसणं मला फार मोलाचं वाटतं. त्यासाठीच मी ही सगळी जुळवाजुळव करते.

आता त्याला प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला जायचं आहे. तारखा कळल्याबरोबर मी रजेचा अर्ज दिला. तो वर्गात असेल तेव्हा महाद्वार रोड आणि रंकाळा मी एकटी बघणार. पन्हाळा शनिवारी, दोघांनी.