तराजू, वखार आणि निवाडा

न्याय करण्यासाठी इंग्रजीत जी क्रियापदं आहेत, त्यांच्या मुळाशी गेलं की आपण थेट बाजारात जाऊन पोहोचतो. 'डिस्पेन्स' लॅटिनमधून आलं. मूळ अर्थ तोलून देणं. 'एक्स्पेन्स' आणि 'पेन्शन' त्याचेच भाऊबंद, कारण रोमन लोक एके काळी पैसाही तोलूनच देत. 'मीट आउट'मधल्या 'मीट'चा भेटीगाठीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मोजणं. 'डील आउट' म्हणजे वाटे घालणं. 'डूम' म्हणजे पूर्वी नुसता निर्णय. आज तो शब्द सर्वनाशासाठीच उरला आहे. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. 'त्याचा निकाल लावला' म्हटल्यावर आपल्यालाही कोर्ट आठवत नाही.

इंग्रजांच्या न्यायाचं हे तोलणं-मोजणं भारतात अक्षरशः घडलं ते सुरतेत. जहांगीराच्या फर्मानानंतर १६१३ मध्ये इथे इंग्रजांची वखार उभी राहिली. आपसांतले तंटे आपल्या कायद्याने मिटवायची मुभा त्यांना मिळाली. एतद्देशीयांशी तंटा झाला तर तो मोगल अंमलदारांपुढे जाई. वखारीतल्या तंट्यांचा निर्णय प्रेसिडेंट आणि त्याचं कौन्सिल देई. ही माणसं व्यापारी. दिवसभर नीळ आणि सुती कापडाचे सौदे करायचे आणि त्याच बैठकीवर आपल्याच नोकराचा गुन्हाही तपासायचा. कायदा शिकलेला माणूस त्यांच्यात सहसा नसे. मालक आणि न्यायाधीश एकच असणं मला या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

अशा प्रेसिडेंटांपैकी जॉर्ज ऑक्झेंडन आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा तो हाच. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात तो आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची दुमजली, घुमटाची कबर आहे. लांबून पाहणाऱ्याला ती एखाद्या मोगल सरदाराचीच वाटावी. त्याच्यामागून आलेला जेराल्ड आँजिए याने मात्र व्यापार आणि न्याय वेगळे करायचं मनावर घेतलं. १६७२ मध्ये त्याने मुंबईत रीतसर कोर्ट उघडलं आणि जॉर्ज विलकॉक्सला न्यायाधीश नेमलं. १६७७ मध्ये आँजिए सुरतेतच वारला.

आपला 'निवाडा' निवडण्यातून आला आहे. खडे वेगळे, दाणे वेगळे. त्यात कुणी कुणाला काही देत नाही. जे आहे तेच वेगळं होऊन दिसतं. म्हणूनच हा शब्द मला जवळचा. रोजच्या वापरात मात्र आपण अरबी-फारसी शब्दांवरच चालतो. सुरतेच्या लिंबायत-उधना भागातला खानदेशी माणूस तिथल्या कोर्टातून परतताना 'मुदत पडली' म्हणतो, जळगावला त्याचा भाऊ 'तारीख पडली' म्हणतो. वकील, दावा, फिर्याद, जामीन दोघांचे सारखेच. समन्स घेऊन दारात येतो तो बेलिफ. त्याच्या नावाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ओझं वाहणारा.

१८०० मध्ये सुरतेचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने नवाबाकडून आपल्या हाती घेतला. पुढे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या १८२७ च्या कायदेसंग्रहात एक क्रम घालून दिला गेला: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर देशाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच लागू पडत नसेल तर 'जस्टिस, इक्विटी अँड गुड कॉन्शन्स'. 'इक्विटी'च्या मुळाशी सपाट, समतल असा अर्थ आहे. रिवाज कायद्याच्या खालोखाल आला, पण तो कुठे लिहिलेला नव्हता. म्हणून हॅरी बोराडेल या कंपनीच्या अधिकाऱ्याने गुजरातमधल्या जातीजातींना त्यांचे नियम विचारले आणि ते लिहून घेतले.